‘कुठलंही हॉस्पिटल पेशंट नाकारू शकत नाही’ हे अर्धंच खरं आहे

व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज थोडक्यात असा: सुप्रीम कोर्टाच्या आदेशानुसार कुठलंही हॉस्पिटल कुठल्याही पेशंटला नाकारू शकत नाही. बेड नाही म्हणणं, दुसरीकडे पाठवणं, डिपॉझिट मागणं, सगळा गुन्हा. चॅरिटेबल हॉस्पिटलात तर सगळं फुकट. भांडा!

भांडा जरूर, पण नेमकं कशासाठी?

आधी तो आदेश. १९८९ चा परमानंद कटारा खटला. अपघातात जखमी झालेल्या स्कूटरस्वाराला, ही पोलीस केस आहे म्हणून, वीस किलोमीटर दूरच्या हॉस्पिटलात पाठवलं आणि तो वाटेतच गेला. कोर्ट म्हणालं, डॉक्टर सरकारी असो वा खासगी, आधी जीव वाचवा, पोलिसांचं नंतर. म्हणजे आदेश तातडीच्या उपचाराचा आहे. गुडघा बदलायच्या ऑपरेशनला तो लागू नाही. तिथे खासगी डॉक्टर नाही म्हणू शकतो.

‘बेड नाही म्हणणं गुन्हा’. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेगाडीतून पडलेल्या एका माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं, शेवटी खासगीत उपचार झाले. १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा राज्यघटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग ठरवून २५,००० रुपये भरपाई दिली. सरकारी दवाखान्याची सबब त्यामुळे लंगडी पडते. पण आयसीयू खरोखरच भरलेला असू शकतो. मात्र रक्तस्राव थांबवायला, ऑक्सिजन लावायला आयसीयूचा बेड लागत नाही, ते कॅज्युअल्टीतल्या स्ट्रेचरवरही होतं. मागायचं ते हे.

सगळ्यात घातक वाक्य ‘दुसरीकडे पाठवणं गुन्हा’ हे. प्राथमिक आरोग्य केंद्रात सिझर होत नाही, ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ असेलच असं नाही. तिथे ‘इथेच करा’ म्हणून नातेवाईक अडून बसले तर वेळ पेशंटचाच जातो. पाठवणं चूक नाही, ‘सिव्हिलला घेऊन जा’ एवढं तोंडी सांगून हात झटकणं चूक आहे. चिठ्ठी मागा, आणि वाचून घ्या. त्यावर आल्याची वेळ, बीपी, नाडी, काय दिलं, किती वाजता दिलं, का पाठवतोय आणि पुढे फोनवर कोणाशी बोलणं झालं, हे हवं. झटके आलेल्या गरोदर बाईला झटके थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन पाठवतात. तो चिठ्ठीवर नसेल तर पुढचा डॉक्टर एकतर परत देईल किंवा दिला असेल समजून थांबेल. दोन्हीत धोका तिलाच. गाडीचंही विचारा. गरोदर बाई आणि आजारी नवजात बाळासाठी एका सरकारी दवाखान्यातून दुसऱ्यात नेणं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, त्यासाठी १०२. इतर तातडीला १०८.

डिपॉझिटचं: ठरवून केलेल्या ऑपरेशनला खासगी हॉस्पिटल ते मागू शकतं. तातडीत धर्मादाय हॉस्पिटलला मागता येत नाही. भरती करून स्थिर करायचं आणि गरज पडली तर सरकारी रुग्णालयात न्यायची सोयही त्यांनीच करायची, असं मुंबई हायकोर्टाने मंजूर केलेली २००६ ची योजना सांगते.

धर्मादाय हॉस्पिटलात सगळं फुकट मात्र नाही. दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे वर्षाला १,८०,००० आणि ३,६०,००० रुपये. रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा दाखला लागतो. बिल हातात पडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा भरती होतानाच तिथल्या समाजसेवकाला गाठा.

आणि मेसेजमध्ये नसलेलं एक: तातडीत बघायलाच नकार दिला तर कोण, किती वाजता, काय म्हणालं ते लिहून ठेवा. नर्सिंग होमची नोंदणी शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे असते, तक्रार तिथेच जाते. धर्मादाय हॉस्पिटल असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे.