ग्राफ वर गेला म्हणजे गिऱ्हाईक आलं असं नसतं

छोट्या धंदेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेल. त्यात म्हटलंय की सर्व्हे, चौकशी सगळं सोडा, गूगल ट्रेंड्सवर (एखाद्या शब्दाचा शोध कधी, कुठे वाढला-घटला ते ग्राफवर दाखवणारं गूगलचं साधन) शब्द टाका, 100 दिसलं की मागणी फुल, 0 दिसलं की त्या धंद्यात पडू नका, कारण लोक गूगलपासून काही लपवत नाहीत. हे वाचून कोणी कोथरूडात गाळ्याचं डिपॉझिट भरायला निघालं तर फार वाईट होईल, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिलं ते 100. ही माणसं नाहीत आणि टक्केही नाहीत. तुम्ही निवडलेल्या भागात आणि काळात, एकूण सर्चमध्ये त्या शब्दाचा वाटा जेव्हा सगळ्यात जास्त होता त्या क्षणाला 100 देतात आणि बाकीचं त्या प्रमाणात मोजतात, बस. 'नाचणी लाडू' एकटं टाकलं तरी त्याला कुठेतरी स्वतःचं 100 मिळतंच, आता शेजारी 'मोबाइल' टाकून बघा, लाडवाची रेघ जमिनीला चिकटेल. मेसेजसोबतच्या स्क्रीनशॉटमध्ये नेमका एकच शब्द आहे!

ग्राफखाली ट्रेंड्स शहरांची यादी देतं, तिचंही तेच. समजा इचलकरंजी 100 आणि पुणे 40 आलं, तर गिऱ्हाईक तिकडे जास्त असा अर्थ होत नाही, तिथल्या सर्चमध्ये त्या शब्दाचा वाटा जास्त एवढंच. पुण्यात लोक नोकरी, क्लास, फ्लॅट, काय काय शोधतात त्यामुळे वाटा कमी दिसतो पण माणसं जास्त असू शकतात.

0 म्हणजे कोणी शोधत नाही, हे तर साफ चूक. ट्रेंड्स सगळे सर्च मोजत नाही, नमुना घेतं, आणि पुरेसा डेटा नसला की 0 दाखवतं. शिवाय आपण शाडूची मूर्ती कधी देवनागरीत टाइप करतो, कधी इंग्रजी अक्षरांत, कधी नुसतं इको फ्रेंडली गणपती, आणि सर्च टर्म म्हणून टाकलं की हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं, चुकीचं स्पेलिंग तर वेगळंच. शब्द टाइप करताना खाली येणाऱ्या यादीत 'विषय' असा पर्याय आला तर तो घ्या, त्यात भाषा एकत्र येतात. आणि सदाशिव पेठेत मेसचा डबा देणाऱ्या काकूंची गिऱ्हाइकं एकमेकांना विचारून येतात, त्यांनी 0 बघून डबे बंद करायचे का?

संबंधित सर्चच्या यादीत एखाद्या शब्दापुढे 'ब्रेकआउट' बघून उड्या मारू नका. वाढ 5000 टक्क्यांच्या वर गेली की तो शिक्का लागतो, आधी जवळपास काहीच नसलं तर लगेच लागतो.

आता 'लपवत नाहीत'. बरोबर, पण विचारणारा प्रत्येक जण विकत घेणारा नसतो. 2023 हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष होतं, त्या वर्षी मिलेट शोधणाऱ्यात शाळेचा प्रोजेक्ट करणारी पोरं असणारच की, ती काय तुमची बिस्किटं घेणार? खुद्द गूगलने 2008 मध्ये सर्चवरून फ्लूची साथ ओळखायचा प्रकल्प काढला होता, 2012-13 च्या हंगामात त्यांचा अमेरिकेतला अंदाज प्रत्यक्षाच्या दुपटीच्या आसपास गेला, बातम्या ऐकून धडधाकट लोकही सर्च करत होते हे त्याचं एक कारण मानलं गेलं, आणि 2015 मध्ये तो बंद झाला. त्यांच्याकडे एवढा डेटा असून ही गत, आपण तर एक शब्द टाकून निर्णय घ्यायला निघालोय.

ट्रेंड्स टाकाऊ आहे असं मी अजिबात म्हणत नाही, माल कधी भरायचा हे कळायला ते फार चांगलं आहे. फक्त महिना बघू नका. गणेश चतुर्थी 2022 ला 31 ऑगस्टला होती, 2023 ला अधिक श्रावणामुळे 19 सप्टेंबरला गेली, 2024 ला 7 सप्टेंबर. म्हणजे 'सप्टेंबरमध्ये मागणी वाढली' हे वाक्यच फसवं. पाच वर्षांचा ग्राफ लावा, त्यात आठवड्याचे आकडे मिळतात, आणि चतुर्थीच्या किती आठवडे आधी रेघ उठते ते मोजा. मूर्तीचं बुकिंग कधी उघडायचं ते त्यातून ठरवता येतं.

किती लोक शोधतात हे हवं असेल तर गूगल ॲड्सच्या, म्हणजे गूगलच्या जाहिरात सेवेच्या, कीवर्ड प्लॅनरमध्ये शब्द टाकून पुणे निवडा, महिन्याचा अंदाज मिळतो. आणि चौकशीचा फोन आला की 'आमच्याबद्दल कुठून कळलं आणि कधीपर्यंत हवंय' एवढं विचारून वहीत लिहा, आजपासूनच.