वेगळा निघालेला गायक

परदेशी रॉक संगीत ऐकण्याला सांगलीत कायद्याची आडकाठी नाही, घरच्यांची आहे. त्यातही एखाद्या गायकाने आपला बँड सोडून स्वतःचा पहिला अल्बम काढलेला असेल, तर तो निवांत ऐकू देण्याची दानत आमच्या गावात मुळीच नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभे केले तेव्हापासून या गावाने इतक्या नाटक मंडळ्या जमताना आणि मोडताना पाहिल्या आहेत की, कोणी काय गायले यापेक्षा कोणाचे कोणाशी बिनसले, याची चौकशी येथे आधी होते.

पीटर गॅब्रिएल या इंग्लिश रॉक गायकाचा १९७७ सालचा पहिला स्वतंत्र अल्बम हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. नऊ गाणी आणि चाळीस मिनिटांच्या आसपासचा ऐवज. पण गावभागातल्या आमच्या घरात तो सलग ऐकण्यापेक्षा महानगरपालिकेच्या नळाला दुपारी पाणी येण्याची वाट पाहणे सोपे. पहिले गाणे सुरू होते न होते तोच आबा भडंगाची वाटी घेऊन समोर बसतात, त्यातले शेंगदाणे एकेक करून वेचतात आणि प्रत्येक दाण्यामागे एक प्रश्न विचारतात.

“हा पूर्वी कुठल्या कंपनीत होता?”

“जेनेसिस. १९७५ साली बाहेर पडला.”

“भांडण कशावरून?”

प्रसिद्धीच्या रगाड्याला तो कंटाळला होता, घरी नुकतीच मुलगी झाली होती आणि तिच्या जन्माच्या वेळी बरेच हाल झाले होते, त्यामुळे त्याला घराकडे लक्ष द्यायचे होते, असे मी समजावून सांगितले. आबांनी एक दाणा तोंडात टाकून “म्हणजे बायकोनं भरवलं,” असा निकाल दिला. एकत्र कुटुंबातून वेगळ्या निघालेल्या प्रत्येक भावाबद्दल आमच्या आळीत आजवर हाच निकाल लागत आलेला असल्यामुळे त्यावर अपील नव्हते.

पुढची उलटतपासणी अधिक कठीण होती. “नारायणराव राजहंस १९१३ साली किर्लोस्कर कंपनीतून निघाले, ते एकटे नाही निघाले. बोडस होते, टेंबे होते. ह्याच्याबरोबर कोण निघालं?” कोणीही नाही, हे मला कबूल करावे लागले. अल्बमवर रॉबर्ट फ्रिप गिटार वाजवतो, असे मी अब्रू राखण्यासाठी म्हणालो. पण त्या गृहस्थाने स्वतःची ‘किंग क्रिम्झन’ ही मंडळी १९७४ सालीच मोडलेली होती, हे सांगताच आबांनी नुसतीच मान हलवली. गॅब्रिएलच्या माघारी जेनेसिसमध्ये कोण गायले, हा प्रश्न येऊ नये अशी माझी मनोमन प्रार्थना होती. तो आलाच. ड्रम वाजवणारे फिल कॉलिन्स गायले.

“तबलजी गायला?”

“हो. आणि जेनेसिसचा पुढचा अल्बम इंग्लंडात तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला.”

“आणि ह्याचा?”

“सातव्या.”

आबांनी वाटी खाली ठेवली. संगीत नाटकावर हयात घालवलेल्या माणसाला तबलजी गायल्याचे दुःख अधिक झाले की मुख्य नटाच्या पदरी सातवा क्रमांक पडल्याचे, हे मला सांगता येणार नाही. शेवटी मी ठेवणीतले अस्त्र काढले. हाच गायक १९७२ साली बायकोचा तांबडा झगा आणि डोक्यावर कोल्ह्याचा मुखवटा चढवून रंगमंचावर आला होता, असे मी सांगितले. आबांचा चेहरा उजळला. “स्त्री पार्टी करत होता म्हण की! मग आवाज वाढव.”

आवाज वाढवल्याची शिक्षा म्हणजे भिंतीपलीकडचे तबल्याचे मास्तर. ‘सॉल्सबरी हिल’ हे या अल्बममधले दुसरे गाणे बँड सोडण्याच्या निर्णयावरच बेतलेले आहे आणि ते सात मात्रांत चालते. मास्तर दारात उभे राहिले, पहिल्या मात्रेला टाळीऐवजी खाली दाखवत त्यांनी हातावर सात मात्रांचा रूपक ताल धरला आणि “बरं चाललंय की, शिकवलेलं दिसतंय,” अशी दादही दिली. परंतु या गाण्यात धृपदाच्या शेवटी दोन आवर्तने चार-चार मात्रांची येतात, म्हणजे साताच्या जागी आठ. तेथे मास्तरांचा हात हवेत राहिला. “एक मात्रा वाढवली त्यानं!” असे म्हणून त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की, ती मात्रा जणू मीच घरातून नेऊन दिली असावी. त्यानंतर ते गाणे त्यांनी पुन्हापुन्हा लावायला सांगितले. अल्बमचा मधला भाग भाजीवाल्याच्या आणि गॅस सिलिंडरच्या वाट्याला गेला.

या गायकाने पहिल्या चारही अल्बमना स्वतःचेच नाव दिले आणि चौथ्याच्या वेळी अमेरिकेतल्या कंपनीने हट्टाने त्यावर वेगळे नाव चिकटवले, ही हकीकत मी सांगायला घेतली होती. परंतु तोवर शेवटचे गाणे सुरू झाले. मोठे गंभीर गाणे आहे. दिवस जुलै अखेरचे होते, बाहेर संततधार लागली होती आणि सौभाग्यवती स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या.

“अहो, एवढा कळवळून काय म्हणायलाय तो?”

“पूर येतोय, म्हणतोय.”

“आयर्विनला किती फूट झालंय?”

मी हसलो, ते साफ चुकीच्या घरात. ४५ फूट ही कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची धोक्याची पातळी आमच्याकडे बालवाडीतल्या मुलालाही पाठ असते, आणि २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेले तेव्हा आमच्या तळमजल्यावरच्या कपाटांचे काय झाले, हे घरात कोणीही विसरलेले नाही. कोयनेतून किती क्युसेक सोडले आहे, हे विचारायला आबांनी फोन हाती घेतला. मास्तर तबले उचलायला धावले. ते जिन्यावरून काय ओरडले ते खालच्या भाडेकरूंनी अर्धेच ऐकले. हे गाणे १९७७ सालचे आहे, असे मी कठड्यावरून ओरडून सांगत होतो, परंतु तोवर भाडेकरूंचा फ्रिज जिन्यात अडकला होता आणि त्याचे खालचे टोक धरायला माणूस कमी पडत होता.