"घरीच आहेस ना, मग जरा..."

बेकारीवर फेसबुकवर जे काय येतं ते सगळं 'पॉझिटिव्ह रहा, स्वतःवर विश्वास ठेवा' छापाचं असतं आणि ते वाचून माझं तरी डोकंच फिरतं. अरे विश्वास ठेवायला आधी दिवसातले दोन तास तरी आपले हवेत ना. मुलगा बेकार असला की घरात सगळे हळू आवाजात बोलतात, अभ्यास करतोय म्हणून चहा खोलीत नेऊन देतात. मुलगी मात्र बेकार नसतेच मुळी, ती "घरीच असते". मग सिलेंडर कोण उतरवून घेणार, ही. आजीला डॉक्टरकडे कोण नेणार, हीच. चतुर्थीला तर विचारूच नका, माटोळीचं (गणपतीच्या वर बांधतात ते फळाफुलांचं छत) सामान, नेवऱ्या (करंज्या), पाहुण्यांची जेवणं, सगळ्याला एकच, "तुला काय गो, घरीच आहेस ना!"

मी गोव्यात कुंडईला एका कंपनीत अकाउंट्सला होते, कॉन्ट्रॅक्टवर. रिन्यू करणार नाही हे शेवटच्या आठवड्यात सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. पहिले काही दिवस बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, झोप काढली मस्त. मग हळूहळू लग्नाबारशाला जायचं टाळायला लागले, कारण मांडवात शिरायच्या आधी कोणीतरी विचारणारच, "काम मेळ्ळें गो?" (काम मिळालं का गं?) आईवर चिडायचे, भाजीत मीठ जास्त झालं एवढ्यावरून. दुपारी झोपायचं आणि रात्री टक्क जागं राहून मोबाईलवर जॉबच्या साईट बघत बसायचं. एकदा सरकारी फॉर्म भरत होते, रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड, पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला सगळं स्कॅन करून झालं आणि ओटीपी आला तेव्हा माझे हात पिठात! धुवून येईपर्यंत एक्स्पायर. आता यात पॉझिटिव्ह काय राहणार सांगा.

आमच्या डिचोलीला बेकारी काही नवीन नाही. २०१२ ला लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, मग सुरू झाल्या, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्यावर मार्चपासून परत ठप्प. शेजारच्या काकांचा खनिज वाहणारा टिप्पर ट्रक अंगणात उभा होता, चाकांपर्यंत गवत. काका रोज सकाळी आंघोळ करून, शर्ट घालून तो स्टार्ट करायचे, बॅटरी उतरू नये म्हणून, थोडा वेळ आत बसायचे आणि मग बंद करून काच पुसायचे. कर्जाचे हप्ते डोक्यावर, हाल बघवत नव्हते. पण त्या सगळ्या काळात त्यांना कोणी म्हटलं नाही की घरीच आहात ना, मग जरा नारळ खवून द्या.

२०२३-२४ च्या केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणात गोव्याचा बेकारीचा दर ८.५ टक्के आहे, देशाचा ३.२. आणि त्या सर्वेक्षणात जी काम शोधतही नाही आणि कामासाठी मोकळीही नाही तिला बेकार धरत नाहीत. म्हणजे घरकामात अडकून जिने शोधणंच सोडलं ती त्या ८.५ मध्ये पण नाही. हे वाचलं त्या दिवशी मी आईला सांगून टाकलं की दहा ते एक मी घरात नाही असं समज. घरात बसून ते जमलं नाहीच (दार वाजलं की उठणार कोण?), म्हणून आठवड्यातून दोनतीनदा कदंबा पकडून पणजीला पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत जाते. बसभाडं जातं, पण तिथे माझ्यासारखी कितीतरी पोरं स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षेची पुस्तकं घेऊन बसलेली असतात आणि कोणी कोणाला काही विचारत नाही, याचं जे सुख आहे ना! एक्सेल पक्कं केलं, बायोडाटा दोन पानांवरून एकावर आणला. मोटिवेशन म्हणतात ते मला घरी कधी आलं नाही, तिथे खुर्चीत बसून अर्धा तास गेला की येतं, कधीकधी नाहीच येत, मग पेपर वाचून परत येते.

नोकरीसाठी आमदाराकडे जाऊन ये म्हणणाऱ्यांना आता मी सरळ नाही म्हणते. त्या आशेवर वर्षं घालवलेली माणसं आमच्याच वाड्यावर आहेत.

आणि ज्यांना रात्री खरंच असह्य होतं, जगणंच नको वाटतं, त्यांनी १४४१६ ला फोन करा, टेलिमानस, सरकारची फ्री लाईन आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. यात लाजायचं काय.

बाकी मला टॅली, जीएसटी रिटर्न, पेरोल येतं. डिचोली, म्हापसा, पणजी कुठेही चालेल, कोणाकडे काही असेल तर इनबॉक्स करा. नोकरीचं असेल तर कधीही. सिलेंडर, बँक, आजी वगैरे एकनंतर.