ट्रीटेड प्लायवूड घाला आणि विसरा? ॲल्युमिनियमच्या बोटीत हे चालत नाही

जुन्या ॲल्युमिनियमच्या मासेमारी बोटीचा डेक पायाखाली दबायला लागला, की मालकापर्यंत एक सल्ला हमखास येऊन पोहोचतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच: "सडलेलं प्लाय उचकटून काढा. जुन्याच तुकड्यांवरून आखून नवं ट्रीटेड प्लायवूड कापा. त्याला सड लागत नाही, त्यामुळे रंग-बिंग काही नको. स्टेनलेसचे स्क्रू मारा, ते गंजत नाहीत. खालचा ओला फोम फेकून द्या, नुसतं ओझं आहे. वरून कार्पेट चिकटवा. ॲल्युमिनियमला काही होत नसतं. शनिवारी सुरू केलंत तर रविवारी संध्याकाळी बोट पाण्यात."

यातलं एक वाक्य पूर्ण बरोबर आहे, काही अर्धवट खरी आहेत आणि बाकीची बोट घालवणारी. हे मी काठावर बसून सांगत नाही. माझ्या पहिल्या बोटीत यातलं जवळजवळ सगळं मी स्वतः केलं होतं, आणि तीन हंगामांनंतर तोच डेक पुन्हा उचकटला तेव्हा फळी ठणठणीत होती. खालच्या फासळ्यांवर, म्हणजे डेकला आधार देणाऱ्या ॲल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्यांवर, मात्र पांढरी पावडर साचली होती आणि ती खरवडल्यावर खाली खड्डे निघाले. या सल्ल्याची सगळी काळजी फळीची आहे. फळी पुन्हा आणता येते. व्याज वाचवायला मुद्दल घालवण्यातला हा प्रकार.

"ट्रीटेड प्लायवूड घ्या, सड लागत नाही."

सड लागत नाही हे बरोबर. का लागत नाही, ते सांगायचं राहून जातं. लाकडात दाबाखाली मुरवलेल्या संरक्षकात बहुतेक वेळा तांब्याची संयुगं असतात, आणि बुरशीला तांबं सोसत नाही. पण तांबं ॲल्युमिनियमलाही सोसत नाही. फळी ओली झाली की थोडं तांबं पाण्यात उतरतं. ते पाणी ॲल्युमिनियमवर पोहोचलं की तांबं धातूच्या रूपात पत्र्यावर बसतं आणि त्याच्या बदल्यात ॲल्युमिनियम विरघळतं. तेवढ्यावर हे थांबत नाही. बसलेला तांब्याचा प्रत्येक कण आणि त्याच्या भोवतीचा पत्रा मिळून एक चिमुकली बॅटरी तयार होते, आणि ओल आहे तोवर ती चालू राहते. म्हणून पत्रा सगळीकडून सारखा झिजत नाही, त्याला टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडतात. जुन्या छोट्या बोटींचा पत्रा बऱ्याचदा दीड ते तीन मिमीचाच असतो. तिथे खड्ड्याचं भोक व्हायला फार वाट पाहावी लागत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "आमच्या बोटीत ट्रीटेड प्लाय पंधरा वर्षं होतं, काही झालं नाही." असेलही. पण ते कुठल्या काळातलं, हे विचारायला हवं. पूर्वी सगळीकडे सीसीए नावाचं संरक्षक चालायचं, म्हणजे तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक. आर्सेनिकमुळे अमेरिकेत २००३ च्या अखेरीस ते घरगुती वापरातून बाहेर पडलं. त्याच्या जागी एसीक्यूसारखी संरक्षकं आली. त्यांत तांब्याचं प्रमाण जास्त, आणि धातूचा गंज आवरून धरणारं क्रोमियम नाही. म्हणजे नाव तेच, फळी दिसायलाही तशीच हिरवट, पण शेजारच्या धातूशी वागणं बदललेलं. जुन्या अनुभवावरचा सल्ला नव्या मालाला लावला जातोय, गोची इथे आहे. तांब्याचे अतिसूक्ष्म कण वापरणारी आणखी नवी संरक्षकं एसीक्यूपेक्षा सौम्य आहेत, हे मान्य. तरी ज्या फळीत मुद्दाम तांबं भरलंय, ती कायम ओल्या राहणाऱ्या ॲल्युमिनियमवर टाकायचीच कशाला?

मग काय घालायचं? साधं, न मुरवलेलं, बाहेरच्या वापराच्या गोंदाचं चांगलं प्लाय किंवा मरीन प्लाय, आणि दोन्हींना एपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचं आणि सुकल्यावर कडक होणारं राळेसारखं लेपण. मरीन प्लायबद्दलही एक गैरसमज आहे, की ते सडतच नाही. 'मरीन' हा शब्द मुख्यतः पाण्यात न सुटणाऱ्या गोंदाबद्दल आणि आतल्या थरांत पोकळ्या नसण्याबद्दल आहे. उघडं ठेवलंत तर तेही सडतं, फक्त तुम्हाला जास्त महाग पडतं. सील करताना लोक वरच्या तोंडाला तीन हात मारतात आणि कडांवरून ब्रश नुसता फिरवतात. हे उलटं आहे. प्लाय पाणी पितं ते कडांमधून, कारण तिथे लाकडाच्या नळ्या उघड्या पडलेल्या असतात. कडांना एपॉक्सी पाजायचं. पिऊन झालं की पुन्हा पाजायचं. स्क्रूची भोकं आधी मोठी पाडा, एपॉक्सीने भरा, सुकल्यावर त्याच ठिकाणी योग्य मापाचं भोक पाडा. कंटाळवाणं काम आहे, पण पाणी आत शिरतं ते याच भोकांतून.

"स्टेनलेसचे स्क्रू मारा, गंजत नाहीत."

इथे सल्ला देणारा आणि त्याच्यावर तुटून पडणारा, दोघंही थोडे चुकतात. टीकाकार म्हणतो: स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की गॅल्व्हॅनिक गंज (दोन वेगळे धातू ओलीत टेकले की त्यातल्या एकाला लागणारा), बोट गेलीच. तसं सरसकट होत नाही. अशा जोडीत झिजतं ॲल्युमिनियम, आणि किती झिजणार हे दोन्ही धातूंच्या उघड्या क्षेत्रफळावरही ठरतं. स्क्रू छोटा आणि पत्रा मोठा असेल तर झीज मोठ्या क्षेत्रावर वाटली जाते. उलट केलंत, म्हणजे स्टेनलेसच्या मोठ्या पट्टीला ॲल्युमिनियमचे रिव्हेट (पत्रे जोडायला ठोकून बसवायच्या खिळी) मारलेत, तर रिव्हेट लवकर खलास होतात. म्हणून ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेसचे स्क्रू जगभर वापरतात आणि बोटी तरंगत असतात.

पण म्हणून ते 'मारा आणि विसरा' होत नाही. झीज वाटली जाते ती सगळीकडे सारखं पाणी असेल तर. स्क्रूच्या डोक्याखाली आणि भोकाच्या आत जे खारट पाणी अडकतं, तिथे सगळा मार त्याच दोन-चार मिलिमीटरवर बसतो. भोक रुंदावतं, आटे धरत नाहीत, स्क्रू हाताने फिरायला लागतो. उपाय साधा आहे: प्रत्येक स्क्रूला दोन धातू वेगळे ठेवणारी पेस्ट किंवा निदान चांगलं मरीन सीलंट, आणि शक्य तिथे नायलॉनचा वॉशर. स्टेनलेसच्या प्रकारांत ३०४ पेक्षा ३१६ बरं, त्यातलं मॉलिब्डेनम खाऱ्या पाण्यात कामी येतं. आणि 'गंजत नाहीत' हेही पूर्ण खरं नाही. स्टेनलेसवरचा संरक्षक थर टिकायला ऑक्सिजन लागतो. ओल्या लाकडात गुदमरलेला स्क्रू मधल्या दांड्याला खाल्ला जातो आणि डोकं वर चकचकीत दिसत राहतं. पितळेचे स्क्रू मात्र कधीच नकोत, पितळ म्हणजे पुन्हा तांबंच.

लांबीचा मुद्दा तर या सल्ल्यात कधी येतच नाही. डेकखाली इंधनाची टाकी असते, वायरी असतात आणि शेवटी बोटीचा तळ असतो. स्क्रू हातात घेण्याआधी खाली काय आहे ते मोजा.

"ॲल्युमिनियमला काही होत नसतं. वरून कार्पेट चिकटवा."

ही दोन वाक्यं मी मुद्दाम एकत्र घेतोय, कारण दुसरं पहिल्याला खोटं पाडतं. ॲल्युमिनियम टिकतं ते त्याच्यावर हवेत आपोआप येणाऱ्या ऑक्साइडच्या पातळ थरामुळे. हा थर साधारण ४ ते ८.५ पीएचच्या (आम्ल-अल्कलीच्या मापाच्या) दरम्यान शाबूत राहतो, आणि खरवडला गेला तर हवा लागताच पुन्हा येतो. उघडा, धुतला जाणारा, वाळणारा पत्रा म्हणूनच वर्षानुवर्षं चालतो. त्याच पत्र्यावर ओलं फडकं दाबून ठेवा. आत हवा पोहोचत नाही, मीठ आणि घाण साचत जाते, पाणी वाळत नाही. काही महिन्यांत फडक्याच्या आकाराचा पांढरा डाग आणि त्याखाली खड्डे. कार्पेट म्हणजे हेच फडकं, जरा महाग.

सगळ्यात वाईट जागा वरून दिसत नाही. कार्पेट नीटनेटकं दिसावं म्हणून ते फळीच्या कडेवरून खाली दुमडून मागून स्टेपल करायची पद्धत आहे. तो दुमडलेला पट्टा नेमका फळी आणि फासळी यांच्यामध्ये येतो. वात तेल शोषते तसा तो डेकवरचं पाणी ओढून फासळीवर आणून ठेवतो. मला खड्डे सापडले ते याच ओळीत.

गोड्या पाण्यात फिरणारी, छपराखाली राहणारी बोट असेल तर कार्पेट चालतं, त्यात वाद नाही; फक्त मागे रबर नसलेलं घ्या आणि कडेलाच कापा, दुमडू नका. पण मासेमारीच्या बोटीत मला ते मुळात पटत नाही. गळ त्यात अडकतो, माशाचं रक्त त्यात मुरतं आणि वास हंगाम संपला तरी जात नाही. व्हिनाइल धुवायला सोपं, पण ते खालची ओल बाहेर पडू देत नाही, तेव्हा फळी आधी नीट सील हवी. चिकट पाठीचे ईव्हीए फोमचे ताव पायाला मऊ लागतात. गडद रंग मात्र उन्हात चटके देतो आणि ताव कडेने आकसतात. मला स्वतःला खरखरीत दाणे मिसळलेला रंग आवडतो. हलका असतो आणि खराब झाला तर तेवढाच तुकडा पुन्हा रंगवता येतो.

जाता जाता, जुन्या कार्पेटचा गोंद काढण्याबद्दल. कॉस्टिक सोडा असलेली कुठलीही पावडर किंवा द्रावण वापरू नका. ॲल्युमिनियमवर ते अक्षरशः उकळतं, हायड्रोजन सोडतं आणि पत्रा खातं. लोखंडी तारेचा ब्रशही नको, त्याचे कण पत्र्यात रुततात.

"खालचा फोम फेकून द्या."

ओला फोम काढावाच लागतो, इथपर्यंत सल्ला बरोबर आहे. पाणी प्यायलेला फोम पुन्हा वाळत नाही, आणि आधीच्या भाषेत सांगायचं तर तोही एक फडकंच. प्रश्न त्याच्या जागी काय येतं, हा आहे. हा फोम उब किंवा मऊपणा यांसाठी घातलेला नसतो. बोट पाण्याने भरली तरी ती बुडू नये, माणसांना धरायला काहीतरी उरावं, म्हणून तो तिथे असतो.

हिशेब सोपा आहे. ॲल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट जड. २०० किलोचं ॲल्युमिनियमचं कवच पाण्याखाली गेलं तरी त्याचं साधारण १२६ किलो वजन उरतंच. ओतीव पॉलियुरेथेन फोम घनमीटरला ३२ किलोच्या आसपास असतो, म्हणजे १०० लिटर फोम जवळपास ९७ किलो तोलून धरतो. नुसतं कवच तरंगायलाच १३० लिटर लागले. इंजिन, बॅटरी आणि माणसं अजून मोजलीच नाहीत.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट लपलेली आहे, आणि ती लाकूडच नको म्हणणाऱ्यांच्याही लक्षात येत नाही. प्लाय काढून ॲल्युमिनियमचा पत्रा टाकणं हा खरोखर टिकाऊ उपाय आहे. पण लाकूड तरंगतं. ४ चौरस मीटरचं १२ मिमी प्लाय म्हणजे ४८ लिटर आकारमान आणि जेमतेम २९ किलो वजन; पाण्याखाली ते १९ किलो वर उचलतं. तेवढाच ३ मिमी पत्रा ३२ किलोंचा, आणि पाण्याखाली २० किलो खाली ओढतो. डेक बदलताना तुम्ही ४० किलोंची तरंगशक्ती गमावली. ती ४० लिटर जादा फोमने भरून काढा.

फोम कुठला, हेही महत्त्वाचं. पांढरं थर्माकोल स्वस्त पडतं, पण पेट्रोल लागलं की विरघळतं, आणि पेट्रोल बिल्जमध्ये (डेकखालच्या तळात) कधी ना कधी सांडतंच. ओतीव फोम घालणार असाल तर तळाशी, मधोमध पाण्याची वाट मोकळी ठेवा. अर्धा पाइप उपडा ठेवून त्यावर ओतलं तरी चालतं. जुना फोम ओला झाला तो बहुतेकदा पाण्याला मागच्या ड्रेन प्लगपर्यंत (पाणी सोडायच्या बुचापर्यंत) जायला जागाच नव्हती म्हणून.

"जुन्याच तुकड्यांवरून आखा."

हे ते बरोबर असलेलं वाक्य. जुनी फळी काढताना तोडू नका, कितीही कुजली असली तरी. जिथे कड झडून गेलीय तिथे पुठ्ठा लावून आकार पुरा करा आणि सगळीकडून तीनेक मिमी आत कापा, म्हणजे पाणी उतरायला फट राहील. डेक पत्र्याचा करत असाल तर ही फट लागतेच: ४ मीटर लांबीचा पत्रा तापमानात ४० अंशांचा फरक पडला की पावणेचार मिमी वाढतो.

"रविवारी संध्याकाळी बोट पाण्यात."

एपॉक्सीचे हात सुकायलाच तेवढा वेळ जातो. शिवाय डेक उघडा आहे तोवर एक काम उरकायचं असतं, जे नंतर करता येत नाही. बोट ट्रेलरवर असतानाच ड्रेन प्लग लावा आणि आत चार बोटं पाणी भरा. जास्त नको, पाण्याचं वजन ट्रेलरला आणि पत्र्याला झेपलं पाहिजे. मग खाली वाकून बाहेरून बघत जा. जो रिव्हेट ठिबकतो त्याच्याभोवती मेणखडूने गोल करा. माझ्या दुसऱ्या बोटीत असे अकरा गोल निघाले. पाणी सोडा, वाळू द्या, आतून एकाने जड लोखंड टेकवायचं आणि बाहेरून दुसऱ्याने रिव्हेट ठोकून पुन्हा बसवायचा. बसत नसेल तर नवा टाकायचा. मग पुन्हा पाणी भरायचं. फळी त्यानंतर.