मेव्हण्यांची पाणसळ

“हे अजून पूर्ण व्हायचंय ना?”

हाताने घडवलेल्या टेबलावर बोट फिरवत जो हा प्रश्न विचारतो, त्याला खुर्ची द्यावी की दार दाखवावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. परवा तो विचारला शेजाऱ्यांच्या मेव्हण्यांनी. चुकून आमच्याकडे आलेलं पार्सल न्यायला ते आले होते. पार्सल मी दारातच हातात दिलं. तरी ते आत आले, कारण हॉल नव्याने लावलाय हे त्यांना दिसलं, आणि नव्याने लावलेला हॉल दिसला की काही माणसांना आपली परीक्षक म्हणून नेमणूक झाल्यासारखं वाटतं.

टेबलाचा टॉप हातरंध्याने काढलेला आहे. अशा टॉपवर उजेड तिरपा पडला की पुसट लाटा दिसतात. सँडिंग मशीन फिरवलं की त्या जातात, पण सोबत लाकडाची चमकही थोडी जाते. रंध्याचं धारदार पातं तंतू कापतं, पॉलिश पेपर ते खरवडतो. हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर मेव्हण्यांनी खिशातून मोबाइल काढून टेबलावर आडवा ठेवला होता. मला वाटलं फोटो काढताहेत. ते मोबाइलमधली पाणसळ लावून उतार मोजत होते.

“शून्य पॉइंट सात.”

“काय?”

“डिग्री. उतार आहे तुमच्या टेबलाला.”

“अहो, उतार फरशीला आहे.”

त्यांनी मोबाइल फरशीवर ठेवला. फरशीही शून्य पॉइंट सात. मला वाटलं, संपलं. ते म्हणाले, “बघा, दोन्हींना आहे. म्हणजे दोन दोष.”

मग डॉक्टर पोट दाबून बघतो तसे त्यांनी एकेक करून चारही कोपरे दाबले. तिसऱ्या कोपऱ्याला टेबल टक्‌ करून वाजलं. मेव्हण्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो पार्सल मिळाल्यावर पसरला नव्हता. त्यांनी पार्सलच्याच पुठ्ठ्याचा तुकडा फाडून घडी घालायला घेतली.

आता हे नीट सांगायला हवं, कारण घरोघरी टेबलांच्या पायाखाली हे पुठ्ठे सापडतात. चौरस टेबलाचे चारही पाय एकाच लांबीचे असतील आणि फरशीला मध्येच पायरी किंवा उभा ओठ नसेल, तर टेबल जागच्या जागी हळूहळू फिरवत जायचं. पाव फेरा पुरा व्हायच्या आत अशी एक जागा येते की चारही पाय टेकतात. यामागे गणित आहे, रीतसर सिद्ध केलेलं. पाय कमीजास्त लांबीचे असतील तर मात्र हा उपाय चालेलच असं नाही. तेव्हा आखूड पायाखाली फेल्टची चकती चिकटवायची, लांब पाय तासत बसायचं नाही. तासायला घेतलेलं टेबल शेवटी पाट होऊन थांबतं.

मी टेबल फिरवून दाखवलं. टक्‌ बंद झालं.

“पण आता ते सोफ्याला तिरकं झालं,” मेव्हणे म्हणाले.

हे मात्र खरं होतं. गणितज्ञांच्या घरी सोफा नसावा.

यानंतर ते खाली निजले. अक्षरशः. पार्सल उशाला घेतलं आणि टेबलाखाली मान घातली. बाहेर फक्त पाय.

“अरे बापरे!”

“काय झालं?”

“खालून रंधाच मारलेला नाही की!”

“खालची बाजू तेवढीच ठेवतात. दिसत नाही ती.”

“मला दिसतेय.”

यावर उत्तर नाही. खालून गुळगुळीत करण्याची गरज नसते. पण पॉलिशचे किंवा तेलाचे हात वरून जितके द्याल तितकेच खालून द्यावे लागतात. वरून तीन हात आणि खालून कोरं ठेवलं, तर खालची बाजू हवेतली ओल झपाट्याने घेते, झपाट्याने सोडते, आणि फळी बाक धरते. खरं परीक्षण करायचं तर हे तपासावं. पण खालून मेव्हण्यांचा आवाज आला, “आणि हा स्क्रू ढिला आहे.”

“ढिला नाही, सरकता आहे.”

“सरकता म्हणजे ढिलाच ना?”

“लाकूड हलतं हो. रुंदीला. दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आवळतं.”

“हे तर मेलेलं लाकूड आहे.”

“तरी हलतं.”

“तुमच्या सुताराने भोकंही लांबट पाडलीत. ड्रिल सरकलं असणार. चारी कोपऱ्यांना सरकलंय.” क्षणभर शांतता. “मधली दोन तेवढी बरी जमलीत त्याला.”

ती मधली दोन गोल असतात आणि कडेची लांबट, हीच तर सगळी करामत. लाकूड लांबीला जवळजवळ हलतच नाही, पण रुंदीला हलतं. ९० सेंटीमीटर रुंदीचा अस्सल लाकडी टॉप कोरड्या आणि दमट दिवसांमध्ये तीन ते सहा मिलिमीटर सहज कमीजास्त होतो. वार्षिक वलयांना समांतर कापलेल्या फळीत ही हालचाल जास्त. गाभ्याकडून सालीच्या दिशेने, वलयांना आडव्या कापलेल्या फळीत जवळपास निम्मी. म्हणून टॉप चौकटीला मध्यावर पक्का धरायचा आणि कडेला रुंदीच्या दिशेने लांबट खाचांत, वॉशर घालून, स्क्रू लागेपर्यंत पिळून पाव फेरा मागे घ्यायचा. कडाही पक्क्या आवळल्या तर दमट दिवसांत टॉप फुगून चौकटीचे सांधे रेटतो, आणि कोरड्या दिवसांत आकसायला जागा नाही म्हणून मधोमध तडकतो. मग लोक म्हणतात, लाकूड कच्चं होतं. कधीकधी असतंही. पण बऱ्याचदा लाकूड चांगलं असतं, आणि कुणीतरी प्रेमाने स्क्रू आवळलेले असतात.

हे सगळं मी बोलत असताना खालून करकर ऐकू येत होती. मेव्हण्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्याला छोटा स्क्रू-ड्रायव्हर आहे. मी वाकून बघेपर्यंत तीन वॉशर लाकडात रुतले होते आणि चौथा स्क्रू गोल गोल फिरत होता.

“याचे आटेच गेलेत,” ते म्हणाले. “आधीपासूनच.”

आटे मेलेलं भोक दुरुस्त होतं, पण त्याला निवांतपणा लागतो. त्याच जातीच्या लाकडाच्या बारीक काड्या लाकडाच्या गोंदात बुडवून भोकात ठोकायच्या, किमान २४ तास हात लावायचा नाही, वर आलेल्या काड्या पटाशीने सपाट करायच्या, मग स्क्रूच्या गाभ्याइतकं, आट्यांइतकं नव्हे, नवं भोक पाडायचं. जाड स्क्रू घालून भागवायचं नाही. फळीला चीर जाते. आणि ड्रिलच्या पात्याला टोकापासून टॉपच्या जाडीहून कमी अंतरावर चिकटपट्टी गुंडाळायची, नाहीतर टोक वर निघतं. तोवर टेबल पालथं. हॉलच्या मधोमध, पाय वर करून. त्या काळात जो येतो तो विचारतो, “हे अजून पूर्ण व्हायचंय का?”

माझी खरी चिडचिड वेगळीच आहे. पार्टिकल बोर्डाच्या कपाटाखाली कोणी निजत नाही. त्याच्या कडेला पाणी लागलं की भुसा फुगून वर येतो आणि परत बसत नाही. त्यातला स्क्रू एकदा काढून पुन्हा लावला की पकड कमी होते. पण वर छापलेल्या कागदाच्या रेषा एकसारख्या असतात, म्हणून तो परीक्षेला न बसताच पास. हाताने केलेल्या वस्तूला मात्र तोंडी, लेखी आणि प्रात्यक्षिक. दोन फळ्यांच्या रेषा जुळत नाहीत हा दोष, आणि जुळल्या तर “प्रिंट आहे का?”

मेव्हणे उठले, कपडे झटकले आणि सोफ्यावर बसले. आता रंगांची पाळी.

“सोफा राखाडी सांगून निळसर दिलाय तुम्हाला.”

सोफा राखाडीच आहे. त्यावर नारिंगी अभ्रे आहेत, आणि भडक नारिंगीशेजारी कोरा राखाडी निळसर भासतो. डोळा शेजारच्या रंगाचा विरुद्ध रंग पदरचा घालतो. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात, जिथे भिंतीवर टांगायची चित्रं धाग्यांनी विणली जात, तिथे हीच तक्रार होती: निळ्या-जांभळ्या विणकामात वापरलेला काळा धागा निस्तेज दिसतो, रंगाऱ्यांनी काम बिघडवलं. १८२४ साली तिथल्या रंगशाळेचा प्रमुख झालेल्या शेवरल नावाच्या रसायनतज्ज्ञाने धागा तपासला. रंग चोख होता; फरक शेजाऱ्यांमुळे पडत होता. १८३९ मध्ये त्याने यावर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि पुढे १०२ वर्षांचा होऊन गेला. एवढ्या तक्रारी ऐकूनही. त्याच्याकडे कोणाचे मेव्हणे येत नसावेत.

म्हणून अभ्र्याचं कापड दुकानात पसंत करायचं नाही. निदान हातभर तुकडा आणून सोफ्यावर टाकायचा. दुपारी, संध्याकाळी आणि दिवा लावल्यावर बघायचा. २७०० केल्विनच्या पिवळ्या उजेडात निळा मळकट होतो आणि लाल उठतो. बल्बच्या खोक्यावर रंगदर्शनाचा आकडा, म्हणजे सीआरआय, ९० किंवा वर असलेला बघावा. कमी असला की गेरू आणि विटकरी यांतला फरक ओळखणं अवघड होतं. साठ टक्के शांत रंग, तीस टक्के दुसरा, दहा टक्के भडक, हा सजावटवाल्यांचा नियम बरा आहे, पण हाताने घडवलेलं लाकूड असेल तर लाकडालाच रंग म्हणून मोजावं. सागाचा सोनेरी तपकिरी हाच तुमचा तीस टक्के. हे विसरल्यामुळे हॉलची जत्रा होते. भडक रंग एकटा ठेवला तर डाग वाटतो. तोच तीन ठिकाणी, तीन उंचींवर आला की ठरवून केल्यासारखा दिसतो: उशी, भिंतीवरची चौकट, गालिच्याची किनार. आणि अभ्रा ४० सेंटीमीटरचा असेल तर आत उशी ४५ची भरायची, नाहीतर कोपरे मान टाकतात.

“ही निळी छान आहे,” मेव्हणे म्हणाले. पहिलं आणि शेवटचं कौतुक. ती उशी पाठीशी घेऊन ते ऐसपैस टेकले.

ती नैसर्गिक निळीत रंगवलेली होती. नीळ धाग्याशी रासायनिक बंध जोडत नाही, धाग्यात आणि त्याच्या पृष्ठभागावर कण होऊन बसते. म्हणून नव्या कापडातून घासली की निघते, ओल असली की अधिकच. मिठाच्या पाण्याने ती पक्की होत नाही. वापरण्याआधी थंड पाण्यात, पाणी नितळ होईपर्यंत खळबळायची आणि मग ओलं पांढरं फडकं तिच्यावर दहा-बारा वेळा घासून बघायचं. फडक्यावर निळा उतरला तर अजून धुवायची. आमच्या अभ्र्याची ही चाचणी बाकी होती, आणि मेव्हणे टेबलाखालून घामाघूम होऊन आले होते. पांढऱ्या शर्टात.

संध्याकाळी शेजारी आले. पार्सलबद्दल आभार मानायला असतील असं मला वाटलं. म्हणाले, “तुमच्या उशीचा रंग जातो, सांगायचं नाही का? नवा शर्ट होता त्यांचा.”