काठमांडूचा तळखडा

भूकंपानंतर वर्षभराने मी काठमांडूला निघालो, तेव्हा "आता तिथे पाहण्यासारखे काय उरले आहे?" असे अनेकांनी विचारले होते. २५ एप्रिल २०१५ च्या शनिवारी, दुपारी बाराच्या सुमारास बसलेल्या ७.८ तीव्रतेच्या धक्क्याने नेपाळात सुमारे ९,००० माणसे दगावली होती, त्यामुळे प्रश्न गैर नव्हता.

काठमांडूजवळच्या भक्तपूर शहरातील एका गल्लीत, तिरक्या लाकडी टेकूंवर तोललेल्या घरासमोर, एक वृद्ध गृहस्थ विटांची माती खरवडत बसले होते. त्यांच्यापुढे तीन ढीग होते : धड विटा, अर्ध्या विटा आणि चुरा. "ही नब्बे सालातली," एक वीट उचलून ते हिंदीत म्हणाले. मी मनात १९९० धरले. त्यांचे नब्बे साल विक्रम संवतातले, म्हणजे १९३४ च्या महाभूकंपाचे, हे मला मुक्कामी परतल्यावर उमगले. त्या पडझडीनंतर उभ्या राहिलेल्या भिंतीची वीट आता दुसऱ्यांदा रचली जाणार होती, कारण मातीतले जोडकाम सुटते आणि वीट धड हाती येते, जे सिमेंटच्या बाबतीत सहसा घडत नाही.

मातीच्या जोडकामाची घरेच मोठ्या संख्येने कोसळली, हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु जुने म्हणजे कच्चे, एवढाच निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. ज्यावरून काठमांडूला नाव मिळाले ते काष्ठमंडप, म्हणजे जुना लाकडी मंडप, भूकंपाच्या दिवशी रक्तदान शिबिर चालू असताना कोसळले आणि आतली माणसे दगावली. पुढे उत्खनन झाले तेव्हा त्याचा पाया सातव्या शतकातला आणि चांगल्या स्थितीत असल्याचे आढळले. चार मुख्य खांबांपैकी एकाचा मात्र तळखड्याशी, म्हणजे खांबाखालच्या आधाराच्या दगडाशी, सांधाच उरला नव्हता, कारण १९६० च्या दशकातील डागडुजीत तो दगड फरशीखाली गाडला गेला होता. म्हणजे दोष जुन्या सुतारांचा नव्हता; मधल्या काळात ज्यांनी समजून न घेता हात लावला, त्यांचा होता.

म्हणूनच पुनर्बांधणी किती लवकर झाली, यापेक्षा ती कोणाला विचारून झाली, हे मला महत्त्वाचे वाटते. प्रताप मल्ल राजाच्या राणीपोखरीत काँक्रीट ओतले जाऊ लागले तेव्हा नागरिकांनी विरोध करून ते थांबवले आणि अखेर तलाव पारंपरिक पद्धतीने बांधून घेतला. भक्तपूरच्या नगरपालिकेने तर अटी न पटल्याने जर्मन मदतही नाकारली. याउलट भूकंपात कोसळलेला काठमांडूचा धरहरा मनोरा २०२१ मध्ये काँक्रीटमध्ये उभा राहिला, जुना बुंधा शेजारी ठेवून. तो मजबूत असेलही, पण मला तो परका वाटला. (उंचावरून शहर पाहण्याची हौस मला मुळातच कमी आहे, हेही कबूल करतो.)

काष्ठमंडप नागरिकांच्या पुढाकाराने लाकडातच पुन्हा उभारले गेले आणि २०२२ मध्ये पूर्ण झाले. त्यानंतर दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा कोरीव कामाऐवजी मी आधी खांबाचा पायथा शोधला. एक आजी त्या खांबाला पाठ टेकून बसल्या होत्या. मी वाकून पाहतो आहे हे पाहून त्यांनी पाय आखडून घेतले आणि मला बसायला जागा करून दिली.