शाळेवरचे सिनेमे शाळेतून पळ का काढतात?

ब्रिटिश टीव्हीवरच्या शाळेच्या विनोदी मालिकांवरून काढलेले सिनेमे ओळीने बघितले की एक गंमत लक्षात येते. नाव शाळेचं, पण सुरुवातीलाच सगळ्यांना उचलून बाहेर न्यायचं. ‘प्लीज सर!’ (१९७१) मधला वर्ग खेड्यातल्या शिबिराला जातो. ‘द इनबिटवीनर्स मूव्ही’ (२०११) मधले चौघे क्रीट बेटावर जातात. ‘द बॅड एज्युकेशन मूव्ही’ (२०१५) मधला वर्ग कॉर्नवॉल गाठतो. चाळीस वर्षांत टीव्ही कुठल्या कुठे गेला, पण ही सहल काही चुकली नाही.

समीक्षक याला आळस म्हणतात. मला ते पटत नाही. सहलीशिवाय इथे गत्यंतरच नसतं. बिघडतं ते सहलीला निघताना शाळा घरी विसरल्यामुळे.

आधी मालिका कशी बनायची ते बघू. ‘प्लीज सर!’ ही लंडन वीकेंड टेलिव्हिजनची मालिका, १९६८ ते १९७२, लेखक जॉन एस्मंड आणि बॉब लार्बी. जाहिराती वजा जाता एका भागाला जेमतेम पंचवीस मिनिटं, आणि मधे जाहिरातींसाठी एकदा थांबायचं. म्हणजे गोष्टीचे दोन तुकडे, आणि पहिल्या तुकड्याच्या शेवटी काहीतरी लटकतं ठेवायचं. हे सगळं स्टुडिओत, समोर बसलेल्या प्रेक्षकांपुढे, एकाच वेळी चालणाऱ्या तीन-चार कॅमेऱ्यांवर. वर्ग, शिक्षकांची खोली, हेडमास्तरांची खोली, कॉरिडॉर असे सेट एकमेकांना लागून. प्रत्येकाला तीनच भिंती, कारण चौथ्या भिंतीच्या जागी कॅमेरे आणि त्यामागे प्रेक्षक.

आता याचा शंभर मिनिटांचा सिनेमा करायचा. एकच गोष्ट ताणली तर तिला चार भागांचं वजन पेलत नाही, आणि चार भाग जोडले तर सांधे दिसतात. शिवाय तिकीट काढून आलेल्या माणसाला घरी फुकट दिसतो तोच फळा आणि तीच बाकं दाखवून चालत नाही. ही मालिका दाखवणाऱ्या आयटीव्ही वाहिनीवर रंग आले नोव्हेंबर १९६९ मध्ये, आणि १९७१ सालीही बहुतेक घरांत काळा-पांढराच संच होता. त्यामुळे हिरवं रान, निळं आकाश, खरी बस हा पैसा वसूल करण्याचा सरळ मार्ग होता. निर्मात्यांचं गणितही सोपं होतं. साठच्या दशकाच्या शेवटी अमेरिकी पैसा ब्रिटिश चित्रपटांतून आटला, आणि ओळखीच्या मालिकेला जाहिरातीचा खर्च कमी लागतो. त्याच १९७१ मध्ये ‘ऑन द बसेस’ या मालिकेवरचा हॅमर कंपनीचा सिनेमा तुफान चालला आणि मग रांगच लागली.

पण खरा घोळ हशाचा असतो. स्टुडिओत वाक्य टाकलं की नट थांबतो. प्रेक्षक हसतात, हशा ओसरायला लागला की तो पुढचं वाक्य उचलतो. तो थांबा किती, हे त्या संध्याकाळचे प्रेक्षक ठरवतात. सिनेमाच्या सेटवर हसणारं कुणी नसतं. नट सवयीने थांबला तर पडद्यावर भोक पडतं, आणि न थांबता बोलत सुटला तर भरलेल्या थिएटरात पुढचा विनोद हशाखाली गाडला जातो. यावर संकलकाकडे जुना उपाय आहे: वाक्य संपलं की दुसऱ्या कुणाच्या तरी चेहऱ्यावर जायचं. हसणाऱ्याला वेळ मिळतो आणि न हसणाऱ्याला बघायला काहीतरी. या काळातले सिनेमे एकट्याने घरी बघताना लटपटतात, त्याचं निम्मं कारण हे आहे. ते एकट्यासाठी कापलेलेच नाहीत.

‘प्लीज सर!’चा सिनेमा यातून बराचसा सावरतो, कारण दिग्दर्शक मार्क स्टुअर्ट हा मालिकेचाच माणूस. त्याला आणि लेखकांना पक्कं ठाऊक होतं की विनोद वर्गाच्या भिंतींत नाही, उतरंडीत आहे. वर हेडमास्तर क्रॉमवेल, ज्यांना शाळेत काय चाललंय याचा पत्ता नाही. त्यांच्या खाली त्यांची सहायक मिस युएल, जिला सगळा पत्ता आहे. मधे अडकलेला तरुण शिक्षक हेजेस, म्हणजे जॉन अल्डर्टन. आणि या सगळ्यांपेक्षा स्वतःला मोठा समजणारा केअरटेकर पॉटर. डेरिक गायलरने हा पॉटर असा उभा केलाय की आपल्याकडच्या शाळेतला हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन फिरणारा शिपाईमामा आठवावा. फक्त हा महायुद्धात आपण ‘डेझर्ट रॅट’, म्हणजे आफ्रिकेच्या वाळवंटात लढलेले ब्रिटिश सैनिक, होतो हे ऐकवत राहतो. सिनेमा ही उतरंड जवळजवळ आहे तशी शिबिरात नेतो आणि समोर एका बड्या शाळेची पोरं आणून बसवतो. झालं, वर्ग पुन्हा तयार.

हेजेसचा वर्ग ‘फाइव्ह सी’ म्हणजे आपली पाचवी नव्हे बरं का. वयाने ती साधारण आपली दहावी-अकरावी. तेव्हा इंग्लंडात पंधराव्या वर्षी शाळा सोडता यायची, सोळाची अट लागू झाली १९७२ मध्ये. म्हणजे शिक्षकांना पळवून लावणारी ही पोरं शाळेत बऱ्यापैकी स्वखुशीने बसली होती! आणि वयाचं म्हणाल तर आणखी मजा. वर्गातला फ्रँकी ॲबट झालेला डेव्हिड बॅरी १९४३ चा, आणि त्याला शिकवणारा अल्डर्टन १९४० चा. टीव्हीच्या छोट्या पडद्यावर हे खपून जातं. सिनेमाच्या मोठ्या पडद्यावर जवळून घेतलेल्या चित्रात अठ्ठावीस वर्षांच्या माणसाचा गळा पंधराचा दिसत नाही. मैदानातली दूरची दृश्यं अशा वेळी फार उपयोगी पडतात.

त्याच वर्षी या पोरांची पुढची मालिका ‘द फेन स्ट्रीट गँग’ सुरू झाली, शाळा संपल्यानंतरची. शाळाच नाही म्हटल्यावर ती हळूहळू इतर कुठल्याही मालिकेसारखी झाली. तिच्या पहिल्या पर्वात त्यांच्यातल्या क्रेव्हनच्या भूमिकेत माल्कम मॅकफीच्या जागी लिऑन व्हिटाली आला होता. हाच पुढे दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिकचा उजवा हात झाला!

‘इनबिटवीनर्स’ला हशाची अडचण आलीच नाही. २००८ ते २०१० मधले अठरा भाग सगळे एका कॅमेऱ्यावर, प्रेक्षकांविना, चौघांतल्या विलच्या निवेदनावर चित्रित झालेले. म्हणजे मालिका आधीपासूनच सिनेमाच्या व्याकरणात होती. कथा क्रीटमधल्या मालियाची असली तरी बरंच चित्रीकरण मायोर्काच्या मागालुफमध्ये झालं. खर्च सुमारे ३५ लाख पौंड, ब्रिटनमधला गल्ला सुमारे साडेचार कोटी. तरीही माझ्या लेखी त्यातला सर्वांत घट्ट भाग सुरुवातीचा, शाळेच्या शेवटच्या दिवशी शिक्षक मिस्टर गिल्बर्ट पोरांना निरोप देतो तो. गिल्बर्ट झालेला ग्रेग डेव्हिस नुसता उभा राहिला तरी उतरंड तयार होते. पुढे क्रीटमध्ये त्या चौघांच्या डोक्यावर कुणीच नाही आणि फजितीला कुणाचा धाक नाही. सिनेमा तगतो तो चौघांच्या आपसातल्या मैत्रीवर. ‘बॅड एज्युकेशन’मध्ये तर मुळातच शिक्षक पोरांपेक्षा पोरकट. शाळा होती तोवर त्याला आवरणारं कुणीतरी होतं. कॉर्नवॉलमध्ये तो लगाम सुटतो आणि मग नुसता आरडाओरडा उरतो.

आपल्याकडे या घराण्यातली ओळखीची मालिका म्हणजे परदेशी प्रौढांच्या इंग्रजीच्या वर्गावरची ‘माइंड युअर लँग्वेज’ (१९७७ ते १९७९), तीही लंडन वीकेंडचीच. दूरदर्शनवरच्या ‘जबान संभाल के’मध्ये विजू खोटेंचा विठ्ठल बापूराव पोटे ज्या वर्गात बसायचा, तो वर्ग तिच्यावरूनच आला. तिचा सिनेमा कधी झाला नाही. सत्तरचं दशक सरता सरता मालिकांवरच्या सिनेमांची ती लाटही ओसरली होती. एका परीने सुटलो. त्या वर्गातला विनोद उच्चारांवर आणि गैरसमजांवर चालतो, वाक्यागणिक हशा मागतो. शंभर मिनिटं त्याचे हाल झाले असते.

बघायचंच असेल तर आधी ‘प्लीज सर!’चे पहिल्या पर्वातले दोन काळे-पांढरे भाग बघा, मग लगेच सिनेमा. मालिकेत वाक्यानंतर नट किती थांबतो ते मनात मोजा आणि सिनेमात त्याच जागी कॅमेरा कुणाकडे वळतो ते बघा.

आणि सहलीविनाचा नमुना हवा असेल तर ‘बॉटम्स अप!’ (१९६०). बीबीसीच्या ‘व्हॅक-ओ!’वरून केलेला. झुपकेदार मिशांचा जिमी एडवर्ड्स हा छडीबहाद्दर लबाड हेडमास्तर, आणि बुकीच्या पोराला परदेशी राजपुत्र म्हणून खपवण्याचा त्याचा उद्योग. सिनेमा मध्यमच आहे, आणि छडीवरचे विनोद आज घशाखाली उतरत नाहीत. सरकारी शाळांतून तिथली छडी गेली १९८७ मध्ये. पण मूळ मालिकेचे बहुतेक भाग आता अस्तित्वात नाहीत. त्या काळी जपून ठेवण्याची पद्धतच नव्हती. त्यामुळे या हेडमास्तरला भरपेट बघायचं तर या मध्यम सिनेमाकडेच जावं लागतं.